पांढरा ठिपका आणि मक्याचे बुरकुंड

आर्थर कॉनन डॉइल यांच्या १८९३ सालच्या ‘द यलो फेस’ या कथेत एक अनोळखी माणूस शेरलॉक होम्सला भेटायला येतो, वाट पाहून कंटाळतो आणि निघून जाताना आपला पाइप टेबलावर विसरतो. होम्स तो उचलून निरखतो. ब्रायर लाकडाचा, अंबरच्या मुखनळीचा हा पाइप विकत घेताना साडेसात शिलिंगांना पडला असावा, असा त्याचा अंदाज. पण तो दोनदा मोडलेला आहे, दोन्ही वेळा चांदीची पट्टी बसवून जोडलेला आहे, आणि प्रत्येक जोडकामाला मूळ किमतीहून जास्त पैसे पडले असणार. तेवढ्यात नवा आला असता. तरी मालकाने जुनाच दुरुस्त करून घेतला, अर्थात त्याचा या पाइपवर जीव आहे. होम्सचा हा तर्क पाइपच्या बाजाराला आजही लागू पडतो, कारण पाइपची दुकानातली किंमत आणि तो हातात आल्यावर देत असलेले काम यांचा मेळ क्वचितच बसतो. डनहिल या लंडनच्या कंपनीचा, मुखनळीवर पांढरा ठिपका असलेला पाइप कित्येकशे डॉलरांना जातो. डेन्मार्कच्या नामवंत कारागिरांचे पाइप हजारो डॉलरांना जातात. अमेरिकेच्या मिझुरी राज्यात मक्याच्या बुरकुंडापासून केलेला पाइप दहा-पंधरा डॉलरांत मिळतो. माझे म्हणणे असे, की या चढत्या भाजणीत धुराच्या गुणवत्तेशी ज्याचा खरा संबंध आहे तो भाग खालच्या दोन-तीन पायऱ्यांवरच संपतो. तिथून पुढचे पैसे लाकडाच्या दुर्मीळपणाचे, देखणेपणाचे आणि नावाचे असतात. आणि म्हणूनच स्वस्तात नेटका पाइप करणाऱ्या गावांना आणि कारखान्यांना त्यांच्या वाट्याचा मान अजून मिळालेला नाही.

पाइपकडून अपेक्षा तीनच. वाटीतली तंबाखू सावकाश आणि सारखी जळावी, वाटी हाताला चटका बसेल इतकी तापू नये, आणि जळताना सुटणारा ओलावा धुराबरोबर तोंडात येऊ नये. यातला तिसरा प्रश्न सर्वांत चिवट. तंबाखूत मुळात पाणी असते, ती जळताना आणखी वाफ तयार होते, आणि ही वाफ थंड नळीत शिरली की तिचे थेंब होतात. पाइप ओढताना गुडगुड ऐकू येते ती या थेंबांची. मातीच्या वाटीला हे पाणी शोषता येते. महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत कुंभाराने भाजलेली चिलीम पिढ्यानपिढ्या चालली त्यामागे मातीचा हा गुण आहेच, आणि तिच्या बुडाला ओली छापी, म्हणजे फडके, गुंडाळतात ती धूर निववण्यासाठी. तंबाखू दख्खनेत पोर्तुगिजांमुळे आली आणि सतराव्या शतकाच्या आरंभी असद बेगने ती विजापूरहून अकबराच्या दरबारात नेली, हे लक्षात घेतले तर धूर थंड आणि कोरडा करण्याची ही खटपट आपल्या मुलखातही चारशे वर्षांची आहे. युरोपातले सुरुवातीचे पाइपही मातीचेच होते, स्वस्त आणि ठिसूळ. खुद्द होम्स कथांमध्ये ओढतो तो बऱ्याचदा काळवंडलेला मातीचा पाइप. चित्रपटांतून डोक्यात बसलेला तो मोठा बाकदार पाइप डॉइल यांनी कुठेच लिहिलेला नाही.

लाकडी पाइपमध्ये या तिन्ही अपेक्षा पुऱ्या होतात की नाही हे सर्वांत जास्त ठरते ते भोकावर. दांडीतून काढलेले भोक वाटीच्या अगदी तळाशी आणि बरोबर मधोमध उघडले पाहिजे. ते थोडे जरी वर उघडले तरी तळची तंबाखू नीट जळत नाही आणि तिथे ओला, कडवट गाळ साचत राहतो. जास्त खाली गेले तर वाटीचा तळ पातळ पडतो. भोकाची रुंदी साधारण साडेतीन ते चार मिलिमीटर असली म्हणजे ओढायला जोर लागत नाही. अरुंद भोकातून जोराने ओढावे लागते, जोराने ओढले की निखारा भडकतो आणि जीभ पोळते. मुखनळीचे टोक दांडीच्या खाचेत जिथे जाऊन टेकते, तिथे पोकळी राहिली तर वाफ नेमकी त्या जागी थांबून पाणी होते. हे सगळे तपासायला पाइप साफ करायची सूत गुंडाळलेली तार पुरते. ती मुखनळीतून आत सरकवायची. कुठेही न अडता तिचे टोक वाटीच्या तळाशी डोकावले, तर पाइप निम्म्याहून अधिक पास झाला. आता हे काम करायला असामान्य कारागीर लागतो का? लेथ आणि ड्रिल एकदा काटेकोर लावले, पाती वेळच्या वेळी धारदार केली, की हजाराव्या पाइपचे भोकही पहिल्याइतकेच सरळ पडते. उलट हाताने, नजरेच्या अंदाजाने भोक पाडताना चूक होण्याची शक्यता अधिक. तेव्हा पाइपचा जो गुण सर्वांत महत्त्वाचा, तो नेमका यंत्राला जमणारा आणि म्हणून स्वस्तात देता येणारा आहे.

मग महाग काय असते? लाकूड, असे उत्तर मिळते, आणि ते अर्धे खरे आहे. ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राच्या काठच्या कोरड्या डोंगरांत वाढणाऱ्या एरिका आर्बोरिया या झुडपाच्या खोड आणि मुळांमधली गाठ. इटलीतला कॅलाब्रिया, कॉर्सिका, ग्रीस, अल्जीरिया, मोरोक्को इथून ती येते. पाइपजोगी गाठ तयार व्हायला तीस-चाळीस वर्षे तरी जावी लागतात. उकरून काढलेली गाठ ओली ठेवतात, नाहीतर तडकते. मग ती कापून ठोकळे पाडतात, ते बारा-बारा तास किंवा त्याहून जास्त वेळ पाण्यात उकळून त्यातला चीक काढतात आणि कित्येक महिने सावलीत वाळवतात. घट्ट, उष्णता सोसणारे आणि थोडे पाणी पिणारे असे हे लाकूड पाइपसाठी उत्तम, यात शंका नाही. पण उकळणे आणि वाळवणे एवढे नीट झाले असेल, तर त्यापुढे ठोकळ्याची प्रत ठरते ती डोळ्यांनी. गाठ दगडाळ जमिनीत वाढते, तिच्यात वाळूचे कण अडकतात, बारीक खड्डे राहतात. लाकडाच्या रेषा वाटीभोवती खालपासून वरपर्यंत सरळ, ज्वाळेसारख्या चढत गेल्या आणि एकही खड्डा निघाला नाही, तर तो पाइप सर्वांत महाग. खड्डे निघाले तर त्यांत लांबी भरून वर गडद रंग चढवतात, आणि तोच आकार, तेच भोक, त्याच झुडपाचे लाकूड असलेला पाइप एकदम निम्म्या-पाव किमतीवर येतो. मध्यम खोट असेल तर वाळूचा मारा करून मऊ भाग उडवून टाकतात आणि खडबडीत पृष्ठभाग ठेवतात. डनहिलने १९१७ च्या सुमारास ही रीत नावारूपाला आणली. असा खडबडीत पाइप गुळगुळीत पाइपपेक्षा स्वस्त असतो, वजनाला हलका असतो आणि पृष्ठभाग वाढल्यामुळे उष्णता टाकायला त्याला अधिक जागा मिळते. ओढणाऱ्याच्या दृष्टीने तो सरसच म्हणायचा. टोरँटोत १९०६ साली सुरू झालेल्या ब्रिघमने तर मुखनळीवरच्या पितळी ठिपक्यांच्या संख्येने प्रत दाखवायची पद्धत ठेवली होती. जास्त ठिपके म्हणजे जास्त देखणे लाकूड. धूर निववण्यासाठी आत बसवायची मेपलची नळी मात्र एका ठिपक्याच्या पाइपलाही तीच मिळे आणि वरच्या प्रतीलाही तीच.

आता मिझुरीकडे वळू, कारण माझ्या म्हणण्याचा सर्वांत भक्कम पुरावा तिथे आहे. सेंट लुईसच्या पश्चिमेला, मिझुरी नदीच्या काठी वॉशिंग्टन नावाचे छोटे शहर आहे. देशाच्या राजधानीशी त्याचा नावापलीकडे संबंध नाही. तिथे हेन्री टिबे हा हॉलंडहून आलेला कातारी राहत असे. त्याच्या धंद्यातून उभी राहिलेली कंपनी सांगते ती हकीकत अशी, की १८६९ साली गावातल्या एका शेतकऱ्याने दाणे काढून उरलेल्या मक्याच्या बुरकुंडाचा पाइप कोरला, तो त्याला आवडला, आणि असे आणखी काही लेथवर काढून दे म्हणून तो टिबेकडे आला. टिबेने काही जास्तीचे काढून दुकानात ठेवले आणि ते लगेच खपले. थोड्याच दिवसांत कातारकामाची बाकीची कामे मागे पडली. बुरकुंड सच्छिद्र असते, त्याच्या बाहेरच्या अंगाला दाण्यांच्या रिकाम्या खाचा असतात. त्या खाचांत प्लास्टर भरून, घासून बाहेरची बाजू गुळगुळीत आणि टणक करण्याची कृती टिबेने शोधली आणि १८७८ साली तिचे पेटंट घेतले. मीरशॉम हा तुर्कस्तानातल्या एस्किशेहिरच्या खाणींत सापडणारा पांढरा, हलका आणि पाणी पिणारा दगड त्या काळी पाइपचा राजा समजला जाई. टिबेने आपल्या बुरकुंडाचे नाव ठेवले ‘मिझुरी मीरशॉम’. नाव ठेवण्यात चतुराई होती, पण फसवणूक नव्हती. दोन्ही वस्तू हलक्या आहेत, दोन्ही ओलावा शोषतात आणि दोन्हींत पहिल्या दिवसापासून धूर कोरडा येतो, जे नव्या ब्रायरबद्दल सांगता येत नाही. ब्रायरची वाटी आतून कोळशाचा पातळ थर धरेपर्यंत काही दिवस कडवट लागते.

या पाइपला ‘स्वस्त’ म्हणून बाजूला टाकणाऱ्याने त्यामागची शेती पाहावी. गेल्या शतकात मक्याच्या संकरित जाती आल्या त्या जास्त दाण्यांसाठी. दाणा वाढला तसे बुरकुंड बारीक आणि भुसभुशीत होत गेले. शेतकऱ्याच्या दृष्टीने ते योग्यच, पाइपवाल्याच्या दृष्टीने मात्र कच्चा मालच संपत चालला. म्हणून मिझुरी विद्यापीठात पाइपसाठी जाड आणि घट्ट बुरकुंडाचे वाण तयार झाले आणि कंपनी आजही आपल्या गरजेचा मका त्याच बियाण्यातून पिकवून घेते. आधुनिक कापणी यंत्र कणीस शेतातच भरडून दाणे वेगळे करते, त्यात बुरकुंडाचे तुकडे होतात. तेव्हा इथे कणसे अखंड तोडणारी जुनी यंत्रे सांभाळून वापरावी लागतात. मग ही बुरकुंडे वर्ष-दोन वर्षे वाळत ठेवतात. ओल्या बुरकुंडाची वाटी लेथवर फाटते, वाळलेली टणक होते. त्यानंतर तुकडे करणे, वाटी पोखरणे, बाहेरून आकार देणे, प्लास्टर, घासकाम, भोक, लाकडी दांडी, मुखनळी, अशी कामांची साखळी आहे, आणि त्यातली कित्येक कामे अजूनही माणूस हाताने तुकडा यंत्रापुढे धरून करतो. विटांच्या ज्या जुन्या इमारतीत हे चालते, तिथे कंपनी एकोणिसाव्या शतकापासून आहे. १९२०च्या दशकात या एका परगण्यात बुरकुंडाच्या पाइपचे डझनभर कारखाने होते. त्या पिढीतली हीच एक कंपनी आज उरली आहे. बियाणे राखणे, पीक सांभाळणे आणि दोन वर्षे माल वाळवणे एवढे सगळे करून जो पाइप दहा-पंधरा डॉलरांत विकला जातो, त्याच्याइतके पैशाचे चीज करणारी दुसरी वस्तू या धंद्यात मला दिसत नाही.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की बुरकुंड टिकत नाही, दोन वर्षांत जळून जाते, म्हणून ते सुरुवातीला शिकण्यापुरते ठीक. यात तथ्य आहे. ब्रायर नीट ठेवला तर आयुष्यभर पुरतो आणि मुलाच्याही हातात जातो. बुरकुंड तसे जाणार नाही. पण हिशेब मांडून पाहू. पाचशे डॉलरांच्या एका पाइपच्या पैशात बुरकुंडाचे तीस-चाळीस पाइप येतात आणि घाई न करता ओढणाऱ्याच्या हातात एकेक पाइप कित्येक वर्षे चालतो. बुरकुंड लवकर जळते ते बहुधा दोन कारणांनी. एक म्हणजे जोरजोराने ओढणे. दुसरे म्हणजे बांधणीतली एक खोड: या पाइपची लाकडी दांडी वाटीच्या आत थोडी डोकावते आणि नवख्या माणसाकडून ती आधी जळते. तळापर्यंत तंबाखू संपवण्याचा हट्ट धरला नाही तर हे टळते, आणि थोड्या वरच्या नमुन्यांत वाटीच्या तळाला लाकडाचे बूचही बसवलेले असते. शिवाय ‘शिकण्यापुरते’ हे विशेषण इतिहासाला धरून नाही. मार्क ट्वेन नावारूपाला आल्यावरही बुरकुंडाचाच पाइप ओढत. जनरल डग्लस मॅकआर्थर ऑगस्ट १९४५ मध्ये जपानच्या अत्सुगी विमानतळावर उतरले तेव्हा त्यांच्या तोंडात उंच वाटीचा बुरकुंडाचा पाइप होता, आणि त्या घडणीचे पाइप वॉशिंग्टनमधल्या याच कंपनीने त्यांच्यासाठी केलेले होते. या दोघांनाही महाग पाइप परवडत नव्हता असे कोणी म्हणणार नाही.

बुरकुंड बाजूला ठेवून ब्रायरच हवा असेल, तर पूर्व फ्रान्सच्या ज्युरा डोंगरात सेंट-क्लोद हे गाव आहे. जुन्या मठामुळे तिथे यात्रेकरू येत आणि त्यांच्यासाठी जपमाळा आणि छोट्या लाकडी वस्तू घडवणारे कातारी गावात पिढ्यानपिढ्या होते. लेथवर हात बसलेला होता, नद्यांचे पाणी यंत्रे फिरवायला होते, त्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला ब्रायरचे लाकूड पाइपसाठी वापरात आले तेव्हा हा धंदा इथे मुळे धरून बसला. पुढची कित्येक दशके जगातल्या ब्रायर पाइपांची राजधानी म्हणजे हेच गाव. लंडनच्या ज्या कोमॉय या नावाला संग्राहक मान देतात, ते घराणे मुळात सेंट-क्लोदचे. तिथे १८२५ पासून पाइपचे काम करणाऱ्या या कुटुंबातला आँरी कोमॉय १८७९ साली लंडनला गेला आणि त्याने तिथे कारखाना काढला. म्हणजे इंग्रजी पाइपच्या प्रतिष्ठेत या फ्रेंच गावाचा हात आहे, पण इंग्रजी शिक्क्याचा जास्तीचा भाव मात्र गावाला मिळाला नाही. त्या नात्यातूनच निघालेला शाकॉम हा ब्रँड आजही सेंट-क्लोदमध्ये चालतो आणि त्याचे साधे पाइप डनहिलच्या किमतीच्या एका छोट्या अंशात मिळतात. त्याच छत्राखाली आता रोप हे नाव आहे. सालीसकट चेरीच्या फांदीचे पाइप ही एकोणिसाव्या शतकातली रोपची खासियत. अलीकडे या नावाने जे ब्रायर पाइप निघतात, त्यांतल्या बऱ्याच वाट्या सेंट-क्लोदच्या जुन्या साठ्यातल्या, कित्येक दशके कोठारात पडून सुकलेल्या आहेत. महागड्या कारागिरांच्या जाहिरातीत ‘दहा-दहा वर्षे मुरवलेले लाकूड’ हा मोठा मुद्दा असतो. रोपच्या गिऱ्हाइकाला त्याहून जुने लाकूड मिळते आणि त्याचा वेगळा आकार लागत नाही. या पाइपांची जेवढी चर्चा व्हायला हवी, तेवढी होत नाही.

पोलंडमधले पशेमिश्ल हे युक्रेनच्या सीमेलगतचे गाव याहूनही कमी ओळखीचे आहे. तिथल्या कारागिरांची पाइपची परंपरा एकोणिसाव्या शतकापासूनची. साम्यवादी राजवटीत परकीय चलन देऊन भूमध्यसागरी ब्रायर आणणे अवघड, म्हणून त्यांनी घरच्या नासपतीच्या लाकडावर हात बसवला. नासपतीचे लाकूड ब्रायरइतके उष्णता सोसत नाही, त्याची वाटी जाड ठेवावी लागते आणि पहिल्या काही दिवसांत फार जपावे लागते. ही मर्यादा खरी आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. पण घडण सफाईदार, आकार विविध आणि किंमत बुरकुंडाच्या जरा वर, एवढ्या तीन गोष्टी एकत्र युरोपात दुसरीकडे सापडणे कठीण. गावाला या कामाचा किती अभिमान आहे हे तिथल्या घड्याळाच्या मनोऱ्यातल्या संग्रहालयावरून कळते. हे संग्रहालय घंटा आणि पाइप या दोनच वस्तूंना वाहिलेले आहे, कारण गावाचे नाव या दोन धंद्यांनी झाले.

आता दुसरा आणि अधिक वजनाचा आक्षेप. महाग पाइप करणारा प्रत्येक नग स्वतः पाहतो, भोक चुकले तर तो टाकून देतो. कारखान्यातून मात्र चुकलेला नगही बाहेर पडतो. हे मला मान्य आहे. स्वस्त पाइप घेणाऱ्याने कधीतरी वाकडे भोक किंवा सैल मुखनळी पदरात पडण्याची तयारी ठेवावी लागते. पण या आक्षेपातून निघते एवढेच, की महाग पाइपमध्ये खात्री विकत मिळते. ती खात्री गिऱ्हाइकाला स्वतःही करून घेता येते, आणि वर सांगितलेली तार आत सरकवायला एक मिनिट लागत नाही. शिवाय मोठ्या नावांचे नाकारलेले नग कचऱ्यात जात नाहीत. डनहिलने १९२०च्या दशकात पार्कर नावाची वेगळी शाखा काढली आणि दिसण्याच्या कसोटीत नापास झालेल्या वाट्या तिच्या नावाने विकल्या. डेन्मार्कच्या स्टॅनवेलने ‘डान्स्के क्लब’ या नावाने तेच केले. लाकूड तेच, यंत्रे तीच, हात तेच. पांढरा ठिपका तेवढा नाही. त्या ठिपक्याचे मूळही मोठे साधे सांगितले जाते. हाताने कापलेली सरळ मुखनळी कोणत्या बाजूने वर ठेवायची हे गिऱ्हाइकाला कळावे, म्हणून तो दिला होता. आता तोच प्रतिष्ठेचा शिक्का झाला आहे आणि भावात सर्वांत मोठी भर त्याचीच आहे. मिलानची सॅव्हिनेली १८७६ पासून आणि न्युरेंबर्गची फाउएन १८४८ पासून पाइप विकत आल्या आहेत. याही कंपन्या मधल्या किमतीत उत्तम काम देतात. त्यांना उपेक्षित म्हणता येणार नाही, म्हणून इथे त्यांचा नुसता उल्लेख पुरे.

सर्वांत गंभीर आक्षेप तंबाखूचाच आहे आणि त्याला बगल देऊन या विषयावर लिहिणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने तंबाखूमुळे जगात दर वर्षी सत्तर लाखांहून अधिक माणसे मरतात. पाइपचा धूर सहसा छातीत घेत नाहीत, म्हणून तो निरुपद्रवी असल्याचा समज विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पसरलेला होता. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या १९६४ च्या अहवालाने पाइप ओढणे आणि ओठाचा कर्करोग यांचा कार्यकारणसंबंध स्पष्ट मांडला, आणि तोंड, घसा, अन्ननलिका यांनाही या धुराचा धोका असल्याचे पुढे दिसत गेले. तोंडाच्या कर्करोगाने घरेच्या घरे पोळलेल्या आपल्या देशात हे वेगळे समजावून सांगायला नको. जो ओढत नाही त्याने पाइप हातात घ्यावा असे या लेखात काहीही नाही. उलट, महाग पाइपभोवतीच्या भाषेतून ‘थंड’, ‘शुद्ध’, ‘निर्मळ’ धूर असे जे शब्द फिरतात, ते धोका कमी असल्याचा भास निर्माण करतात. कोरडा धूर जिभेला कमी झोंबतो, एवढेच त्या शब्दांत खरे आहे. त्यातली विषे हजार डॉलरांच्या ब्रायरमधूनही तेवढीच येतात आणि बुरकुंडातूनही तेवढीच. कारागिरीचे मोल करायचे तर ते लाकूड, माती, भोक आणि हात यांचे करावे. आरोग्याच्या नावाने एकाही पाइपला गुण देता येत नाहीत.

एक शंका उरते. सगळ्यांनी स्वस्त आणि नेटके तेच घेतले, तर एकेक पाइप आठवडाभर घडवणाऱ्या कलावंतांचे काय? त्यांच्या कामाला मी कमी लेखत नाही. सुंदर रेषांचा, शिल्पासारखा तोललेला पाइप ही कलाकृतीच आहे, आणि कलाकृतीला जी किंमत येईल ती तिने घ्यावी. ‘तो जास्त चांगला ओढला जातो’ या कारणासाठी ती किंमत मागितली जाते, तिथेच माझा विरोध आहे. शिवाय कलावंत आणि कारखाना हे एकमेकांचे वैरी नाहीत, हे स्टॅनवेलच्या इतिहासावरून नीट दिसते. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडहून येणारे पाइप बंद झाले तेव्हा पॉल निल्सन याने १९४२ साली डेन्मार्कमध्ये हा कारखाना सुरू केला, आणि इंग्रजी घाटाच्या नकला करत न बसता सिक्स्टन इव्हार्सन या असामान्य कारागिराला नव्या घाटांची कल्पना करायला बोलावले. इव्हार्सनच्या हातचा एक पाइप घ्यायचा तर संग्राहकाला मोठी रक्कम मोजावी लागे, पण त्याने आखून दिलेला घाट यंत्रावर चढला आणि साध्या पगारदाराच्या हातात पोचला. त्याच्यानंतर डेन्मार्कचे इतर नामवंत कारागीरही या कारखान्यासाठी घाट आखून देत राहिले. डॅनिश पाइप म्हणून जगाने ज्याला डोक्यावर घेतले, त्याचा प्रसार एकेकट्या कलावंतांइतकाच या कारखान्याने केला, आणि तरी तो चालू होता तोवर संग्राहकांच्या बोलण्यात स्टॅनवेल म्हणजे ‘कारखान्याचा माल’ एवढेच. २०१० च्या सुमारास डेन्मार्कमधले उत्पादन थांबले आणि काम इटलीला गेले. आता जुन्या पाइपांच्या बाजारात दांडीवर डेन्मार्कचा शिक्का असलेले स्टॅनवेल लोक शोधत असतात. वॉशिंग्टन, सेंट-क्लोद आणि पशेमिश्लमधली यंत्रे अजून फिरताहेत. त्यांचे पाइप शोधावे लागत नाहीत, आजच्या आज मागवता येतात.